नळी काढल्यानंतरचं कोणी लिहीत नाही

प्रोस्टेट कॅन्सरवरचा एक लेख वाचला. त्यात तपासण्या नीट सांगितल्यात, पण ‘ऑपरेशननंतर काही दिवसांत घरी आणि सगळं पूर्ववत’ हे वाक्य खटकलं. मी प्रोस्टेट ग्रंथी काढायचं ते ऑपरेशन झालेला, रत्नागिरीकडचा माणूस.

पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजतात ते प्रथिन) वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. साधी प्रोस्टेटची वाढ किंवा जंतुसंसर्ग असला तरी तो चढतो. खात्री बायोप्सीनंच, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे तपासूनच होते. माझा ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा बायोप्सीतला आकडा) ३+४, म्हणजे मध्यम आला, हाडांचा स्कॅन स्वच्छ निघाला, म्हणून ऑपरेशनसाठी मुंबई गाठली.

ऑपरेशन सोपं गेलं हो. खरी परीक्षा लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) काढल्यावर! शिंक आली की लेंगा ओला. त्यात आमचा पावसाळा, कपडे वाळतायत कुठे? पडवीतली दोरी बघून शेजारच्या वहिनी विचारून गेल्या, “घरात बाळ आलं की काय?” ओळखीच्या मेडिकलमध्ये पॅड मागायची लाज, म्हणून मुलगा ते चिपळूणहून आणायचा.

कीगल व्यायामानं फरक पडला, पण हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे. नळी असेपर्यंत मात्र नाही. नारळाची पोती, भरलेल्या कळशा डॉक्टर सांगेपर्यंत उचलू नयेत. शरीरसंबंधांवर काय परिणाम होईल, तेही ऑपरेशनआधीच विचारा, बायकोला शेजारी बसवून. आमच्याकडे हा विषय कोणी काढत नाही.

आणि हो, ग्रंथी काढली तरी पीएसए ठरल्या वेळी तपासत राहावा लागतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.