टू बीएचके, पार्किंग आणि लॅटिन मिस्सा

माझा भाचा फ्लॅट शोधतोय. बोरिवली ते मिरा रोडच्या पट्ट्यात, लोन मंजूर, लग्न ठरलेलं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने विचारलं, कुठली पॅरिश (एका चर्चचा परिसर आणि तिथली मंडळी) चांगली? मला वाटलं, शाळा आणि स्टेशन किती लांब ते बघत असेल. साहेबांच्या अटी वेगळ्याच निघाल्या. कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, गुडघे टेकून आणि जिभेवर मिळायला हवं. मिस्सेतलं, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतलं, सांक्तुस हे गीत लॅटिनमध्ये असेल तर सोन्याहून पिवळं. वेदीवर सेवक म्हणून मुली नकोत, आणि आरती-बिरती तर अजिबात नको. त्यावर माझ्या मावसबहिणीच्या मुलीने तलवार उपसली: तिला गिटार-ड्रमची युथ मिस्सा हवी, प्रवचन आटोपशीर हवं आणि पॅरिश कौन्सिलवर बायका किती ते आधी बघायला हवं. मग लिंकांची फेकाफेक. एकाने बेनेडिक्ट पोपांचं २००७ चं पत्र टाकलं, ज्यात जुनी लॅटिन मिस्सा कुठल्याही फादरना मोकळी करून दिली होती. दुसरीने फ्रान्सिस पोपांचं २०२१ चं टाकलं, ज्यात ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली. मावशीने मधेच गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ पाठवलं. त्या दिवसातला तेवढाच एक समजूतदार मेसेज.

मी म्युनिकला राहतो, म्हणजे या भांडणात माझ्या खिशातलं काही जात नाही. तरी यू-बानमध्ये, इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या ते वाचताना माझं डोकं असं तापतं की बायको म्हणते, ग्रुप म्यूट कर. करवत नाही.

मुळात पॅरिश निवडायची, ही कल्पनाच मला झेपत नाही. आम्ही गोराईचे. आमचं चर्च तीन राजांचं, सण जानेवारीत, आणि खाडीपलीकडे बोरिवलीला जायचं तर लाँच. कुणाला कसली उपासना आवडते हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. फादर बदलत. एक कडक यायचे, उशिरा आलेल्यांना दारातच उभं करायचे. त्यांच्यानंतर एक हार्मोनियम घेऊन बसणारे आले. माणसं तीच राहिली. चर्चच्या कायद्यात, कलम ५१८ मध्ये, पॅरिश सर्वसाधारणपणे हद्दीवर ठरते. म्हणजे तू जिथे राहतोस, तिथली माणसं तुझी, मग ती बेसूर गात असली तरी. घरात मयत झाली की खुर्च्या कोण आणतं, क्रुसाजवळच्या जपमाळेच्या प्रार्थनेला प्रसादाचे चणे कोण वाटतं, त्यावर पॅरिश कळते. हे सगळं ऑनलाइन रेटिंगमध्ये कुठे बसवणार?

भाचा म्हणतो, मामा, प्रश्न परंपरेचा आहे. बरं, परंपरेचं बोलू. ज्या लॅटिन मिस्सेसाठी तो झुरतोय, तिचं पुस्तक पाचव्या पायस पोपांनी १५७० साली लागू केलं. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने गोव्याच्या सासष्टीत बसून मराठी ओवीत लिहिलेलं क्रिस्तपुराण छापून निघालं १६१६ साली, आणि लोक ते चर्चमध्ये गात. दोन्हींत ४६ वर्षांचं अंतर. मग १५७० ची ती परंपरा आणि १६१६ ची ती भेसळ, हे कुठल्या हिशेबाने? आरती, समई, पंचांग प्रणाम, जोडे काढून येणं ही तर कुण्या खोडसाळ फादरांची टूम नव्हे. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने एप्रिल १९६९ मध्ये मंजुरी दिली, त्यात हे सगळं आहे. वेदीवरच्या मुलींना रोमची परवानगी १९९४ ची. हा मुद्दा मला जरा जास्तच लागला, कारण माझी मुलगी इथे मिनिस्ट्रांटिन, म्हणजे वेदीवरची सेविका आहे. पांढरा झगा घालून धूपदान हलवते तेव्हा ती कुणाही मुलापेक्षा सरळ चालते. तिचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता. भाच्याने अंगठाही दाखवला नाही.

आणि ज्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला, जगभरच्या बिशपांच्या त्या सभेला, तो सगळ्याचा दोष देतो, तिचा ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेवरचा दस्तऐवज त्याने वाचलेला नाही. त्यात लॅटिन टिकवा असं म्हटलंय, ग्रेगोरियन गायनाला पहिला मान दिलाय, आणि लोकांच्या भाषेलाही वाट करून दिलीय. फादरांनी जुन्या मिस्सेसारखं वेदीकडे नव्हे तर लोकांकडे तोंड करावं, असा हुकूम त्यात कुठेच नाही. मावसबहिणीच्या मुलीनेही वाचलेला नाही, हे उघड आहे. दोघं अर्धंअर्धं वाटून घेऊन भांडतात. पुढच्याच वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, युखरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी सहावे पॉल पोप मुंबईला आले. माझे पप्पा तेव्हा पोरसवदा, गर्दीत कुणाच्यातरी खांद्यावर बसून ओव्हल मैदानावर गेलेले. त्यांना जुनी मिस्सा चांगली आठवायची. पण ‘मिस्सा चालू असायची आणि आम्ही माळ म्हणायचो’, यापलीकडे तिचं वर्णन त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही. रडूनही नाही, हसूनही नाही.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. मावसबहिणीच्या मुलीला जे हवंय ते सगळं माझ्या पॅरिशमध्ये आहे. चार चर्च मिळून एक फारफेरबांड, म्हणजे जोड-पॅरिश; केरळचे एक पाटर, म्हणजे फादर, चारही चर्चमध्ये धावतात. ते नसले की गेमाइंडेरेफेरेंटिन, म्हणजे पॅरिशची पगारी सेविका, वोर्टगोट्टेसफायर, म्हणजे फादरांविना होणारी वचनांची उपासना घेते, आणि बोलते छान. कौन्सिलवर बायकाच जास्त. गिटार आहे, मुलांसाठी उशा आहेत, पाटीवर गोट्टेसलोब या गीतपुस्तकातले क्रमांक वेळेवर लागतात. आणि बाकांवर? पिकलेली डोकी, मधे मोकळी जागा, मग पुन्हा पिकलेली डोकी. २०२२ या एका वर्षात जर्मनीत पाच लाखांवर कॅथलिक रीतसर सही करून चर्चमधून बाहेर पडले. तेव्हा ‘चर्च मॉडर्न करा, तरुण येतील’ हे मला कुणी शिकवू नये. किर्खेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, माझ्या पगारातून जातो, मी निकाल बघतोय. (लोक बाहेर पडले त्याला अत्याचारांची प्रकरणं आणि हा करसुद्धा कारण आहे. पण घरच्या भांडणात मी तो मुद्दा काढत नाही. तिचं फावेल.)

मग भाच्याचं म्हणणं खरं का? शहराच्या जुन्या भागात जुनी मिस्सा होते, तिथेही मी जातो. ग्रुपवर हे अजून माहीत नाही. ते चर्च भरलेलं असतं. जाळीच्या ओढण्या घेतलेल्या तरुण आया, चार-पाच पोरांची रांग, हातात लॅटिन-जर्मन दोन रकान्यांची पुस्तकं. भाच्याला हा स्वर्गच वाटेल. मला दिसतात ते बाहेर लावलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट: डाखाऊ, फ्रायझिंग, एर्डिंग. लांबलांबून निवडून आलेली माणसं. भक्ती खरी, शिस्त बघण्यासारखी. पण मिस्सा संपली की सगळे आपापल्या गावाला, आणि कुणाच्या शेजाऱ्याकडे मयत झाली ते कुणालाच माहीत नाही.

तरी मी जातो. भाषेमुळे जातो, आणि भाच्याला वाटतं त्या अर्थाने तर नक्कीच नाही. माझ्या पॅरिशमध्ये मी तोंड उघडलं की पुढच्या बाकावरची आजी वळून बघते. शांतीचा हात देताना विचारते, तुम्ही पाटरचे नातेवाईक का? पहिल्यांदा मी हसून गोराईचं सांगितलं, मग मुंबईचं, मग नुसतं ‘इंडिया’. आता ‘नाही’ एवढंच. त्या जुन्या मिस्सेत मात्र उत्तरं लॅटिनमध्ये असतात, आणि बव्हेरियन शेतकऱ्याचे उच्चारही माझ्याइतकेच वाईट. तासभर मी कुणाचा पाहुणा नसतो. अशा कारणाला परंपरेचं प्रेम म्हणायचं तर म्हणा.

रविवारी कधी पहाटे जाग आली तर मुंबईची आठची मराठी मिस्सा यूट्यूबवर लावतो. हिवाळ्यात इथे साडेतीन वाजलेले असतात. हेडफोन लावून ऐकतो, कारण घरात दुसऱ्या कुणाला ती नको असते. मुलगी ‘फाटर उन्झर’, म्हणजे ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना जर्मनमध्ये म्हणते. मावशी व्हिडिओ कॉलवर माळ सुरू करते, ‘नमो मरिये’ म्हणून थांबते, पुढचं नातीने म्हणावं म्हणून. नात माझ्याकडे बघते आणि मी तिच्या वतीने पुढे म्हणतो. मावशी काही बोलत नाही, पण पुढच्या मण्याला थांबत नाही.

म्हणून माझी खरी चिडचिड लॅटिनवर नाही आणि गिटारवरही नाही. भाच्याचं लॅटिन अमेरिकेच्या यूट्यूबवरून आलेलं, मावसबहिणीच्या मुलीचे मुद्दे निम्मे जर्मनीतून. त्या दोन याद्या मी पुन्हा वाचल्या. मिस्सा कुठल्या भाषेत हवी, यात लॅटिन आहे, इंग्रजी आहे. मराठी दोन्हींत नाही. उपनगरातल्या किती चर्चमध्ये मराठी मिस्सा सकाळच्या कुठल्यातरी आडवेळेला ढकलली जाते, हे मी सांगायला नको. आईवडील इंग्रजी मिस्सेला जातात कारण पोरांची शाळा इंग्रजी, आणि मग पोरं मोठी होऊन परंपरा शोधायला सोळाव्या शतकातल्या युरोपात जातात. परदेशात राहून मी हे बोलावं का? ज्याची मुलगी जर्मनमध्ये प्रार्थना करते त्याने? बोलेन. तिकडे अजून पर्याय आहे, इथे माझ्यापुरता तो संपला.

तेव्हा भाच्या, फ्लॅट कुठेही घे. जिथे घेशील तिथली हद्द कुठल्या चर्चची ते विचार आणि त्यांच्या मराठी मिस्सेला जा. कॉयरमध्ये बायकांचे आवाज भरपूर असतात, पुरुष शोधून सापडत नाहीत, आणि तुझा आवाज तुझ्या पप्पांसारखा खालच्या पट्टीतला आहे. प्रॅक्टिस शनिवारी असेल, चुकवू नकोस. फादरांचं तोंड कुठे असावं त्यावर मग निवांत भांडू, सुट्टी काढून येतो.