खुलासा: तिआनजिनच्या त्या भिंतीवरची पुस्तकं

चीनमधल्या तिआनजिन बिनहाई ग्रंथालयाचा फोटो पुन्हा फिरतोय. मधोमध पांढराशुभ्र गोल, भोवती लाटांसारखी छतापर्यंत चढत गेलेली कपाटं, आणि खाली ओळ: ‘या भिंतींवर १२ लाख पुस्तकं!’

फोटो खरा आहे, ओळ चुकीची. १२ लाख ही अख्ख्या इमारतीची क्षमता, या दालनातल्या पुस्तकांची मोजदाद नव्हे. इथे वरच्या फळ्यांवर दिसतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर छापलेल्या पुस्तकांच्या पाठी. फोटो मोठा करून पाहा, लक्षात येईल.

असं का? रॉटरडॅमच्या एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकारांच्या मूळ आराखड्यात वरच्या कपाटांपर्यंत मागच्या खोल्यांतून जायची सोय होती. बांधकाम घाईत उरकलं, पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंत जेमतेम ३ वर्षं. त्यात ती सोय गळाली. तीही वास्तुरचनाकारांचा सल्ला डावलून. ऑक्टोबर २०१७मध्ये ग्रंथालय उघडलं ते तसंच.

म्हणून ‘सगळंच बनावट’ हा उलटा मेसेजही पुढे ढकलू नका. खरी पुस्तकं आहेत, पण मुख्यतः आतल्या वाचनकक्षांत. जाणार असाल तर गोलासमोर सेल्फी काढून परत फिरू नका, त्या खोल्यांत डोकवा.