ऑइल प्रेशर दिसतंय, मग तापमान कशाला बघायचं?

जुनी छोटी विमानं उडवणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरतो: "इंजिन साधं आहे. प्रेशर जितकं जास्त तितकं चांगलं, तापमान बघायची गरज नाही, आणि काटा शून्यावर आलाच तर समजा गेज गेलं." नव्या माणसाने हे ऐकू नये, म्हणून लिहितोय. उदाहरण पायपर जे-३ कब या दोन सीटच्या जुन्या विमानाचं घेतो, ६५ अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल ए-६५ इंजिनासकट.

आधी जास्त प्रेशरचं. गेज तेल किती वाहतंय ते सांगत नाही, वाटेत किती अडतंय ते सांगतं. थंडीतल्या सकाळी तेल काकवीसारखं घट्ट असतं. काटा झोकात वर चढतो, पण बेअरिंगांना तेल पुरेसं मिळत नसतं. काटा वर का गेलाय हे तापमान बघितल्याशिवाय कळणारच नाही.

उन्हात लांब चढण घेतली की उलटं होतं: तेल पातळ होतं, प्रेशर उतरतं. या इंजिनाच्या संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, तेल मावतं जेमतेम ४ क्वार्ट, म्हणजे पावणेचार लिटर. त्यातलं लिटरभर कमी झालं, तर उरलेल्याच तेलावर सगळ्या उष्णतेचा भार. तेलाच्या तापमानाची मर्यादा २२० अंश फॅरनहाइट, सुमारे १०४ सेल्सिअस. तापमान चढतंय आणि प्रेशर उतरतंय, असं दिसलं की जवळची धावपट्टी गाठायची.

'गेज गेलं' यात थोडं तथ्य आहे. इंजिनापासून पॅनेलपर्यंत, म्हणजे गेज बसवलेल्या फळीपर्यंत, एक बारीक तेलाची नळी येते. ती तुटली तर इंजिन ठणठणीत असूनही काटा शून्यावर येतो. पण मग त्याच नळीतून तेल गळत असतं! आणि तापमान स्थिर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तापमान मोजणाऱ्या बल्बपर्यंत (सेन्सरपर्यंत) तेलच पोचत नसेल, तर तो काटा काय सांगणार? इंजिन सुरू केल्यावर ३० सेकंदांत प्रेशर आलं नाही, तर सरळ बंद करा.

"काही बिघडलं तर लक्ष जाईलच," असंही म्हणतात. कबमध्ये नाही जात. एकट्याने उडवताना मागच्या सीटवर बसतात आणि पॅनेल असतं पुढच्या सीटच्याही पुढे. पुढे कुणी बसलं, तर त्याच्या खांद्याआडून मान तिरकी करूनच ते दोन छोटे काटे दिसतात. ती मान दर काही मिनिटांनी मुद्दाम वळवावी लागते.