लाल पट्टीचा डबा

मी फक्त एका डब्यावर लाल चिकटपट्टी लावली होती. सकाळी लावली आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीत बातमी पोचली, की अमुकांची धाकटी सून वेगळी निघतेय.

आमचं घर अमळनेरच्या अलीकडे. माणसं अकरा, चूल एक, आणि पोळ्या दिवसाला किती होतात ते कुणी मोजत नाही, कारण मोजलं की नजर लागते. अशा घरात मला गहू बंद झाला. त्याआधी वर्षभर पोट, अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या आणि दोनदा दृष्ट, असं सगळं करून झालं होतं. शेवटी जळगावला रक्त तपासलं, दुर्बीण घातली, आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि निदान झालं : सिलिअॅक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठतं. यावर औषध नाही. जन्मभर गहू, रवा, मैदा, शेवया, कुरडया, जव, सगळं वर्ज्य. (खपली चालते असं मला आजवर निदान नऊ जणांनी सांगितलंय. खपलीही गहूच.)

"गहूनी तुनं काय वाकडं करं वं?" सासूबाईंनी विचारलं.

समजूत काढायला यांनी मोबाइलवर वाचून दाखवलं : हॉलंडमधला एक डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धातला १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा, पाव मिळेनासा झाल्यावर ही आजारी मुलं सुधारली, पुढे १९५० साली त्यानं यावर प्रबंधच लिहिला. सासूबाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "बहात्तरना दुष्काळमा आमी मिलो खादी. आमनावर कोन्ही पुस्तक लिखं का?" यावर हे मोबाइल चार्जिंगला लावायला निघून गेले.

मिलो म्हणजे ज्वारीच, तिच्यात ग्लुटेन नाही, हे सांगायचा तो प्रसंग नव्हता.

पहिली अडचण गिरणीची. गिरणीवाल्याला म्हटलं, आधी माझी ज्वारी दळा, मग लोकांचे गहू. तो म्हणाला, "वहिनी, जातं तेच आहे, मागच्याचं पीठ पुढच्याला जातंच." त्याचं खरं होतं. डब्याबंद वस्तूवर 'ग्लुटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. गिरणीच्या तर भिंतीवरसुद्धा त्याहून जास्त असेल. म्हणून घरघंटी आणली. ती टेम्पोतून उतरताना थोरले भाऊजी ओट्यावरच होते. त्यांनी यांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सातबाऱ्याचं काय ठरवलंय तुम्ही?"

पुढे वेगळा तवा आला, वेगळी परात आली. हिंगही वेगळा आला, कारण बाजारच्या बहुतेक हिंगात मैदा असतो. हे ऐकल्यावर सासूबाईंनी हिंगाच्या डबीकडे अशी नजर टाकली, की इतकी वर्षं घरात कोण नांदत होतं! तव्याचं मात्र जमेना. जाऊबाई त्यावर हटकून पोळी टाकायच्या. "तापलेलाच होता गं," म्हणायच्या. तापलेला तवा रिकामा ठेवणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

पण खरं दुखणं पुढेच आहे. मला वाटलं होतं, पथ्याचं अन्न म्हणजे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. तसं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. पण खानदेशात गहू बंद करून डॉक्टरांनी मला काय खायला लावलं? दादरची, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीची भाकरी. ज्वारी आणि उडीद सालासकट दळून केलेली कळण्याची भाकरी. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, भाजल्या वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा. हे पथ्य? घरात पोळीची सवय झाल्यावर भाकरी मागे पडली होती, ती माझ्या आतड्याच्या निमित्तानं परत आली आणि सगळ्यांनी तिचं स्वागत केलं. मी चार भाकरी करायची, हाताला दीड लागायची. नाना 'चव बघायला' अर्धी घेत. पुतण्याला शाळेतून आल्यावर भूक लागे. नणंदबाई माहेरी आल्या की दोन दिवस मी नुसत्या भातावर असे.

बरं, खाण्याचंही दुःख नाही हो. दुःख हाताचं. ताटात पोळी कुस्करलेली, बोटं शेवभाजीच्या रश्श्यानं माखलेली, आणि तीच बोटं माझ्या डब्यात. "थोडंसं लागलं तर काय व्हत नही." थोडंसं लागलं की मला दोन दिवस काय काय होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून ती पट्टी.

कळस झाला श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. रोट खातो तो आपला. आणि मी खाणार नाही! भाऊबंदकीतल्या एका काकूंनी तर डोळ्याला पदरच लावला. मी गंगाफळाच्या भाजीकडे बघत बसले.

तेव्हा सासूबाई उठल्या. रोटाचं ताट माझ्या कपाळाला टेकवलं, परत ठेवलं आणि काकूंना म्हणाल्या, "तिना वाटाना मी खासू. तिनं आतडं माले पाहिजे." आणि खाल्ला. वाट्याला आलेला अख्खा.

त्या दिवसापासून डब्याची राखण त्यांच्याकडे आहे. हात धुतल्याशिवाय कुणाला डबा मिळत नाही, साबणानं, कोपरापर्यंत. नानासुद्धा बोटं दाखवून मग बसतात.

परवा मुलांच्या डब्यासाठी कणीक मळत होते. भूक लागली म्हणून तशीच वळले, तर सासूबाईंनी झाकणावर हात ठेवला. "हात पाहा तुना! जाय, धुई ये."

धुऊन आले. डब्यात कोरभर भाकरी उरली होती. पुतण्या तोंड पुसत म्हणाला, "मी धुतले होते, काकू. आजीनं बघितले."