दहा लाखांचं नाणं आणि बाराशेंची फी

"जुनी नाणी विका, लखपती व्हा" हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. आजवर मी तो आला की डिलीट करत होते. या वेळी तो मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, "डब्यातली काढू का गं?" मग म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

मेसेजचं म्हणणं असं: वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, ईस्ट इंडिया कंपनीच्या रामदरबारवाल्याला एक कोटी. खरेदी रिझर्व्ह बँकेतर्फे. नोंदणीचे बाराशे रुपये आधी भरा. मन बदललं तर विकलेलं नाणं त्याच भावात परत. आणि फोटोआधी नाणं घासून लख्ख करा.

वैष्णोदेवीचं पटकन संपवते. 2012 मध्ये श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच आणि दहा रुपयांची ही नाणी निघाली, चलनात आली, अजूनही चालतात. रिक्षावाला सुट्टे म्हणून जे हातावर ठेवतो, त्याला दहा लाख कोण देईल?

रामदरबाराचं मात्र हसूच येतं. या 'नाण्यांवर' 1616, 1717, 1818 अशी सालं असतात आणि वर ठळक 'ईस्ट इंडिया कंपनी'. 1616 साली इंग्रजांचा वकील थॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलतींसाठी ताटकळत होता. तो कुठली नाणी पाडतोय! 1818 चं तरी पटावं? तेव्हा मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. कंपनीच्या रुपयावर फारसीत शाह आलम बादशहाचं नाव असे, मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू. सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आला 1835 मध्ये, आणि त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं आहे. कंपनीच्या नाण्यांवर देव कधीच नव्हते असंही नाही. मद्रासच्या सोन्याच्या होनांवर विष्णू आहे. पण राम-सीता-हनुमानाचे ते पितळी तुकडे म्हणजे जत्रेत, देवळाबाहेर विकायचा माल. त्यातलं एखादं तांदूळ ओढतं आणि परदेशी शास्त्रज्ञ ते कोट्यवधींना घेतात, अशीही एक शाखा आहे. त्या 'राइस पुलर'पायी लोकांनी जमिनी विकल्यात, म्हणून त्यावर हसवत नाही.

आता रिझर्व्ह बँक. 4 ऑगस्ट 2021 रोजी तिनेच पत्रक काढून सांगितलंय की काही लोक बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन, कर मागताहेत. बँक असल्या व्यवहारात पडत नाही, असं शुल्क कधीच मागत नाही आणि तिच्या वतीने ते गोळा करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. यानंतर वादाला जागा उरते का? घेणारा तुम्हाला पैसे देतो; इथे तो तुमच्याकडूनच मागतोय! आधी नोंदणी, मग जीएसटी, मग 'क्लिअरन्स'. ज्यांनी भरलेत त्यांनी लाजत बसू नये, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

'त्याच भावात परत' हीसुद्धा थापच. नाण्यांच्या धंद्यात घ्यायचा भाव आणि विकायचा भाव वेगळा असतो, व्यापाऱ्याचं पोट त्या फरकावर चालतं. आपलंच नाणं परत घ्यायला गेलात तर ते अजून त्याच्याकडे असलं तरच मिळणार, तेही चढ्या भावाने. खरोखर विकायचंच असेल तर हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा. नाहीतर परत आलेलं नाणं आपलंच आहे हे सिद्ध कसं करणार?

जुन्या नाण्याला मोठी किंमत येऊ शकते, एवढं मान्य करावंच लागेल. सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया खरंच दुर्मीळ आहे. म्हणून तर त्याच्या नकला बाजारात आहेत. पण त्याच राजाचे 1940 ते 45 चे रुपये घरोघरच्या डब्यांत सापडतात. त्यांत चांदी निम्मीच, आणि साध्या स्थितीतल्याला साधारण त्या चांदीचाच भाव.

राहिलं घासणं. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावू नका. वर्षानुवर्षं चढलेला थर जातो, पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात आणि जाणकार भिंगातून ते लगेच ओळखतो. मग चांगल्या नाण्याचाही भाव पडतो आणि तो थर पुन्हा चढवता येत नाही.