काकूंच्या कमेंटला उत्तर: मे महिन्यापर्यंत का थांबलो नाही

काकू, तुमची कमेंट वाचली. तिथेच खाली चार ओळी टाकून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मुद्दे नीट मांडलेत आणि शेवटी नातवाचंही विचारलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांनी कमेंट बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेकीचे टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड्स (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असतात तशाच गाठी) आम्ही जानेवारीत, ऐन शाळा चालू असताना काढले हे मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर काकूंचं म्हणणं की साडेचार वर्षांच्या पोरीला टेबलावर घ्यायची एवढी घाई कशाला, मे महिन्याची सुट्टी होती की. त्यांच्या दोन्ही मुलांचे टॉन्सिल्स मिठाच्या गुळण्या करून आठव्या-नवव्या वर्षापर्यंत आपोआप बसले. शिवाय डेन्मार्कच्या अभ्यासात टॉन्सिल्स काढलेल्या मुलांना पुढे आजारपणं जास्त होतात असं आलंय, आणि हॉस्पिटलवाल्यांना इन्शुरन्स दिसला की ते तारीख देऊनच मोकळे होतात. आणि सगळ्यात खणखणीत मुद्दा: 'इतकं गरजेचं होतं तर डिसेंबरची तारीख साध्या सर्दीसाठी पुढे का ढकललीत, आणि ढकलता येत होतं तर मग मेपर्यंत का नाही?'

या शेवटच्यापासूनच सुरू करते, कारण हा प्रश्न मलाही डिसेंबरमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छळत होता.

सर्दी-खोकला-ताप असताना मुलाला भूल दिली तर श्वासनलिका आधीच चिडलेली असते, स्वरयंत्र एकदम आवळून बसू शकतं आणि लहान मुलांचा ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा फार पटकन खाली येतो. त्यात टॉन्सिल्सचं ऑपरेशन म्हणजे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही त्याच एका वाटेवर काम करणार. सर्दी वरवर बरी झाली तरी ही चिडचिड काही आठवडे टिकते, म्हणून दोन ते चार आठवडे थांबा म्हणतात. म्हणजे हे थांबणं धोका कमी करण्यासाठी होतं. मेपर्यंत थांबून मुलीचा कुठलाच धोका कमी होणार नव्हता हो, फक्त आपली सोय झाली असती, आणि तोपर्यंत रोज रात्री ती तशीच झोपणार होती. दोन्हीला आपण 'पुढे ढकललं' असंच म्हणतो, पण हिशोब वेगळा आहे.

बाय द वे, ज्याचे अ‍ॅडिनॉइड्स वाढलेत त्या पोराचं नाक बाराही महिने वाहतं, त्यामुळे 'सर्दी पूर्ण गेली की करू' म्हणाल तर ती तारीख उगवतच नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी आम्हाला शेंबूड आहे का हे विचारलंच नाही, ताप आहे का, शेंबूड घट्ट-हिरवा आहे का, खोकला ओला आहे का हे विचारलं आणि छातीला स्टेथो लावला. डिसेंबरमध्ये ताप पण होता आणि छातीत घरघर पण, म्हणून कॅन्सल. जानेवारीत नाक वाहतच होतं, तरी त्यांनी घेतलं.

आता मुख्य गोष्ट. टॉन्सिल्स काढायची कारणं ढोबळमानाने दोन, आणि तारखेचा प्रश्न दोन्हीत अगदी वेगळा आहे. एक म्हणजे सारखा घसा येणं. त्यासाठी जगभर जो निकष वापरतात तो पिट्सबर्गच्या डॉ. पॅराडाइज यांच्या १९८४ च्या अभ्यासावरून आलाय: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. आणि नुसतं 'घसा दुखतोय' चालत नाही, प्रत्येक वेळी सोबत चांगला ताप, मानेत गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, स्ट्रेपची (घसा बिघडवणाऱ्या एका जिवाणूची) टेस्ट पॉझिटिव्ह यातलं काहीतरी हवं आणि त्याची डॉक्टरकडे नोंद हवी. यात बसत नसेल तर थांबायचं, मूल त्यातून बाहेर पडतं. तुमची मुलं अशीच पडली असणार. टॉन्सिल्स वयाने लहान होतात, गुळण्यांनी घशाला आराम पडतो, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असलं की श्रेय गुळण्यांना जातं. (साडेचार वर्षांच्या मुलीला गुळणी करायला सांगून बघा, अर्धं पाणी पोटात आणि उरलेलं फ्रॉकवर.)

दुसरं कारण श्वास. आमचं हे होतं. लेकीला वर्षभरात घसा फार तर दोन-तीनदा आला असेल, पण रात्री तिच्याकडे बघवत नव्हतं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने भिजलेली, घोरणं चालू आणि मग मध्येच आवाज बंद. छाती-पोट हलतंय पण हवा आत जात नाहीये, बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय, तुम्ही हात पुढे करून तिला हलवणार तेवढ्यात ती मोठा श्वास ओढून कूस बदलते आणि परत घोरायला लागते. दिवसा ही पोर पेंगत नव्हती, उलट नुसती भिंगरी, हट्ट, चिडचिड, शाळेतून 'एका जागी बसत नाही' अशी तक्रार. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, मुलं बऱ्याचदा उलट करतात. सुटलेली सवय परत येऊन ती अंथरूण ओलं करायला लागली होती, तेही यातच बसतं हे मला नंतर कळलं.

स्लीप स्टडीत झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. मुलांमध्ये हा आकडा एकच्या वर गेला की नॉर्मल धरत नाहीत, दहापासून पुढे तीव्र. आमचा दहाच्या पुढे होता. तो आकडा दोन-तीन असता तर काकू, शप्पथ, मी तुमचंच ऐकलं असतं आणि नाकातला स्प्रे मारत सहा महिने वाट बघितली असती.

हे नुसतं बोलायला म्हणून म्हणत नाहीये, तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. अमेरिकेत २०१३ मध्ये चॅट नावाची मोठी ट्रायल छापून आली, ५ ते ९ वयाची, झोपेत श्वास अडणारी ४६४ मुलं. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली, पण थांबलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची आली, काही न कापता! लक्ष लागण्याच्या चाचण्यांमध्येसुद्धा दोन गटांत ठळक फरक पडला नाही. झोप, वागणं, एकंदर तब्येत यात मात्र ऑपरेशनवाली मुलं चांगली पुढे होती. म्हणजे सौम्य केसमध्ये थांबणं हा अगदी शहाणपणाचा पर्याय आहे. फक्त ज्यांचा ऑक्सिजन झोपेत बराच वेळ खाली असतो अशी मुलं त्या ट्रायलमध्ये घेतलीच नव्हती, आणि प्रश्न त्यांचाच आहे.

डेन्मार्कचा अभ्यास, तो २०१८ चा. जवळपास १२ लाख मुलांच्या सरकारी नोंदी, नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल्स-अ‍ॅडिनॉइड्स काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार जास्त दिसले. बरोबर आहे. पण ती नोंदींवरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्या मुलांचं ऑपरेशन झालं ती आधीपासूनच नाक-घशाने बेजार होती म्हणून तर झालं ना? लेखकांनी ते हिशोबात धरायचा प्रयत्न केलाय तरी पूर्ण धरता येत नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की विनाकारण काढू नका, आणि ते मला मान्यच आहे.

डॉक्टर विनाकारण काढतात का? काढायचे की. न्यूयॉर्कची जुनी गोष्ट आहे, १९३४ मध्ये छापलेली. अकरा वर्षांची १००० शाळकरी मुलं बघितली, ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले! उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली, ते म्हणाले यातल्या १७४ जणांचे काढा. नको म्हटलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी ९९ निवडली. त्यातूनही उरलेली ११६ तिसऱ्यांकडे, त्यांनी ५१. शेवटी ज्यांना कोणीच काढा म्हटलं नाही अशी फक्त ६५ उरली. म्हणजे तुमचा संशय काही हवेतला नाही, आणि त्यावर माझ्याकडे उपाय एवढाच की आकडा आणि निकष विचारायचा, 'टॉन्सिल्स मोठे आहेत' एवढ्यावर हो म्हणायचं नाही. मोठे टॉन्सिल्स असून मजेत झोपणारी मुलं भरपूर असतात.

इन्शुरन्सचं म्हणाल तर हो, बघितला. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये टॉन्सिल्स, अ‍ॅडिनॉइड्स यांना सुरुवातीचे २४ महिने कव्हर नसतं, आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असणाऱ्या पॉलिसीमध्ये तर यादीत सरळ नाव घेऊन लिहिलंय. आमचे ते २४ महिने डिसेंबरच्या सुरुवातीला संपत होते, स्लीप स्टडी झाली नोव्हेंबरमध्ये, म्हणून तारीख डिसेंबरमधली घेतली. यात लाज कसली, हजारोंचा प्रश्न असतो. ते २४ महिने संपायला अजून वर्ष असतं तर मात्र थांबलो नसतो, कर्ज काढलं असतं.

राहिला मे महिना. सुट्टी म्हणून तो सगळ्यांना आवडतो, म्हणून तेव्हा तारखा पण मिळत नाहीत. शाळा बुडणं मला फार मोठं वाटत नाही, सीनियर केजीत दोन आठवडे बुडून कोणाचं काय अडलंय. ऑपरेशननंतर खरी लढाई पाणी पाजायची असते. गिळताना दुखतं म्हणून मूल पीत नाही, पीत नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि अजून दुखतं. आता हे पुण्यात चाळीस डिग्रीत करून बघा. (उन्हाळ्यात टॉन्सिल्स काढू नयेत असं जुनी लोकं म्हणतात त्याला अमेरिकेत एकेकाळी पक्कं कारण होतं: १९५५ मध्ये लस यायच्या आधी पोलिओची साथ उन्हाळ्यात यायची आणि नुकतेच टॉन्सिल्स काढलेल्या मुलांना श्वास-गिळणं बंद पाडणारा पोलिओ जास्त व्हायचा. आता ते कारण उरलं नाही, आपल्याकडे उरलं ते ऊन.) तरी घसा येण्यासाठी करायचं असेल आणि घरात पाणी पाजायला माणूस असेल तर मे चांगलाच, तेव्हा सर्दी कमी असते. जूनमध्ये शाळा उघडली की गणपतीपर्यंत प्रत्येक पोर कुठलं ना कुठलं इन्फेक्शन घरी आणतं, म्हणजे परत कॅन्सल. दिवाळीत फटाक्यांचा धूर, आणि समोर चकलीचा डबा ठेवून तू फक्त खिचडी खा म्हणणं क्रूरपणा आहे. सासूबाई म्हणाल्या पौष आहे, निदान संक्रांत तरी होऊ दे, ते मात्र आम्ही ऐकलं कारण सर्दीचे आठवडे तसेही तिथपर्यंतच येत होते. तिळगुळाच्या वड्या तिने ऑपरेशनच्या आधीच संपवल्या.

तारीख धरताना खरं बघायचं ते पुढचं. रक्तस्राव झालाच तर एकतर पहिल्या २४ तासांत, नाहीतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, खपली सुटताना. म्हणजे मूल घरी येऊन खेळायला लागल्यावर! तेव्हा कोकणात लग्नाला नसावं, हॉस्पिटलपासून लांब नसावं, आणि त्या दिवसांत सर्जन सुट्टीवर असतील तर फोन कोण उचलणार हे आधी विचारावं. आम्ही २६ जानेवारीच्या सुट्ट्यांचं विचारलं, त्यांनी दुसऱ्या सर्जनचा नंबर फाइलवर लिहून दिला.

आणि दुखणं पहिल्या दोन दिवसांत संपत नाही, उलट मधल्या दिवसांत वाढतं, सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. कान दुखतो, तोंडाला घाण वास येतो, घशात पांढरा थर दिसतो तो पू नसतो. रात्रीचा डोस चुकवला की सकाळ गेलीच, म्हणून पहिले काही दिवस रडायची वाट न बघता डॉक्टरांनी दिलेलं औषध घड्याळ लावून. कोडीनवालं सिरप घरात पडलेलं असेल तर ते अजिबात नको. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो, त्यामुळे अमेरिकेत २०१३ पासून टॉन्सिल्सच्या ऑपरेशननंतर मुलांना ते देण्यावर सक्त इशारा आहे.

आता नातवाचं. तो अडीच वर्षांचा आहे आणि सर्जननी सकाळी करून संध्याकाळी घरी सोडतो म्हटलंय असं तुम्ही लिहिलंत. हे मात्र परत विचारा, कारण तीन वर्षांच्या आतल्या मुलांना रात्रभर हॉस्पिटलमध्ये नजरेखाली ठेवावं असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे, श्वासाचा त्रास तीव्र असेल तर मोठ्या मुलांनाही. आमची त्या रात्री तिथेच होती, बोटाला ऑक्सिमीटर लावून. लिस्टमध्ये सकाळचा पहिला नंबर मागा, कारण खाणं सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद असतं आणि अडीच वर्षांच्या पोराला दुपारपर्यंत उपाशी ठेवणं तुम्हाला झेपणार नाही. कारण घसा आहे की श्वास, हे एका वाक्यात लिहून घ्या. घसा असेल तर मोजा किती वेळा, आणि सातच्या जवळपास नसेल तर खुशाल थांबा.

श्वास असेल तर डॉक्टरकडे जायच्या आधी फोनवर व्हिडिओ काढा. पहाटेचा काढा, तेव्हा त्रास जास्त दिसतो. लाइट लावा, पांघरूण काढा, बनियन गळ्यापर्यंत वर करा म्हणजे बरगड्या दिसतील, टीव्ही-पंखा बंद करा म्हणजे आवाज येईल, आणि श्वास अडल्यापासून परत सुरू होईपर्यंत मध्ये कट न करता. दोन-तीन मिनिटं पुरे.