युनिव्हर्सिटी काढताय? मग एवढं कराच

सिलॅबस दुसऱ्याचा, परीक्षा दुसऱ्याची, आपण नुसते फी गोळा करणारे, असं वाटून कॉलेज चालवायचा वीट आला असेल तर सरळ स्वतःची युनिव्हर्सिटी काढा. राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की झालात तुम्ही विद्यापीठ. छत्तीसगडने २००२ मध्ये हे इतकं सोपं करून ठेवलं होतं की बघता बघता शंभरावर विद्यापीठं निघाली, काही तर म्हणे एका खोलीत. मग २००५ ला शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने तो खेळ मोडला. तेव्हा खोली नको, गेट मोठं बांधा.

आता पैसा. शिक्षणात नफा कमवायचा नाही, 'वाजवी सरप्लस' तेवढा चालतो, असं कोर्टाने टीएमए पै निकालात सांगितलंय. म्हणून विद्यापीठ चालवणाऱ्या आपल्या ट्रस्टने नफा काढायचाच नाही, भाडं द्यायचं! जमीन घरच्या कंपनीची, बसेस मेहुण्याच्या, सिक्युरिटी भाच्याची, आणि इन्कम टॅक्सवाले नातीगोती बघतात म्हणून भाडं बाजारभावानेच आहे असं व्हॅल्युअरचं पत्र फाईलला लावून ठेवायचं, मग वर्षअखेरीला बिचाऱ्या ट्रस्टला तूट येते आणि नाइलाजाने फी वाढवावी लागते.

कुलपती कोण हे प्रायोजक संस्था, म्हणजे तोच ट्रस्ट, ठरवते, म्हणजे तुम्हीच ठरवता, म्हणजे तुम्हीच होता. बोर्डावर मुलगा आणि सून. कुलगुरू मात्र बाहेरचा आणा, सरकारी विद्यापीठातून रिटायर झालेला, वजनदार. गाडी द्या, फोटोत मधोमध बसवा, चेकवर सही तेवढी देऊ नका. (सहा महिन्यांत त्यांना अंदाज येतो, पण तोवर ब्रोशर छापून झालेलं असतं.)

कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या बाबतीत जरा जपून. फेब्रुवारी २०२५ मध्ये ए प्लस प्लस ग्रेडसाठी रोकड, सोनं, मोबाईल, लॅपटॉप दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीतल्या लोकांनाच उचललं होतं. आपण आपलं साधं ठेवावं. टीम यायच्या आदल्या आठवड्यात प्राध्यापक गोळा करा, ज्या मीटिंगा झाल्याच नाहीत त्यांची मिनिट्स एकाच पेनाने लिहू नका, एवढं सांभाळलं तरी बरंच निभतं.

राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमावा लागतो. नाही नेमला तर यूजीसी काय करते? यादी जाहीर करते. २०२४ मध्ये केली होती, आणि तिच्यात आपल्या खासगीवाल्यांपेक्षा सरकारी विद्यापीठंच जास्त निघाली. कोणी विचारलंच तर तीच यादी पुढे करा.